अंगावरून, अंगावर

रात्रपाळीत नमुना आला. सिरिंजमध्ये सहा मिली,
वाटलेल्या डाळीसारखा घट्ट. लेबलावर:
तिसेकर हमीदा, ५७, गर्भाशयातला पू.
झाकण काढलं आणि वास आधी पोचला,
मशीनच्या आधी, माझ्या आधी.
शेजारच्या बाकावरची मारिसेल काही न बोलता
उठून दुसरा मास्क घेऊन आली.

ऑगस्टमधलं सोहार. बाहेर रात्री दोनला एकोणचाळीस,
इन्क्युबेटरमध्ये सदतीस.
एसी सोडला तर या गावातली बरी जागा
आम्ही जंतूंना दिलेली आहे.

पेशंटची फाइल आमच्यापर्यंत येत नाही. येते एक ओळ:
गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, शेक घेतलेला, तीन वर्षांपूर्वी.
पुढचं मी ओळखलं.
शेकानं गाठ विरते, आणि विरता विरता
ते तोंडच आवळून जातं,
भाजलेली कातडी आक्रसावी तसं.
आत साचलेल्याला मग वाट उरत नाही.
ओटीपोट जड होतं, संध्याकाळी हुडहुडी भरते,
आणि बाई म्हणते, एसीनं झालं असेल.

आमच्याकडं या अवयवाला धड नाव नाही. नुसती पिशवी.
पिशवी काढली, पिशवी खाली आली, पिशवीला सूज.
जणू दाराआड खुंटीला टांगलेली,
येणाराजाणारा तिच्यात काहीबाही टाकून जातो.

काचेवर गुलाबी काड्या, जांभळे मणी,
आणि मेलेल्या पेशींचा खच.
सव्वादोनला वॉर्डात फोन केला.
डॉक्टर बलुशी म्हणाल्या, नळी सकाळी घालणार होतो.
मग थोडं थांबून: आत्ताच घालते.

तिसऱ्या दिवशी प्लेटवर औषधांच्या टिकल्या.
चारांना जंतू बिनधास्त खेटून उभे,
पाचवीभोवती मोकळा गोल, रुपयाएवढा.
मी तो पट्टीनं दोनदा मोजला.

वर जायचा आम्हाला नियम नाही. गेले.
खाटेवर लहानखुरी बाई, पायांशी नळीची बाटली,
बाटलीवर टॉवेल टाकलेला, पाहुण्यांपुढं झाकावा तसा.
"बाणकोटची काय गो तू?"
नाही, पलीकडची, बागमांडल्याची.
"म्हंजे खाडी आडवी," ती म्हणाली, आणि हसली.

सात महिने अंगावरून जात होतं.
मग अचानक जायचं थांबलं, तर तिला वाटलं बरं झालं.
सुट्टी घेतली तर व्हिसा जाईल,
म्हणून अकरा माणसांचा स्वयंपाक करत
ताप अंगावर काढला.
अंग एकच.
त्याच्यावरूनच जातं, त्याच्यावरच काढायचं.

तिची खोली स्वयंपाकघरामागं, गॅसच्या टाक्यांजवळ.
मदाम कपड्यांना बखूर देते, निखाऱ्यावर, लाकडी चौकटीखाली.
उरलेले तुकडे ही गोळा करायची,
रात्री दार लावून त्या धुरावर उभी राहायची,
झग्याचा घेर दोन्ही हातांनी धरून.
घरात सगळे म्हणायचे, हमीदाला शौक भारी.

मग तिनं विचारलं, हळू, उशीकडं बघत,
"येतो गो वास माजा?"
मी म्हणाले, आमच्या नाकाला सवय असते.
हे उत्तर नव्हतं. ते तिलाही कळलं,
आणि तिनं बागमांडल्याच्या तरीचं भाडं विचारलं.

नवव्या दिवशी दुसरा नमुना. पाणीदार, तांबूस.
अठ्ठेचाळीस तासांनी मी टाइप केलं: वाढ नाही.
हे दोन शब्द मी रोज पन्नासदा लिहिते.
या वेळी खाली मान घालून परत वाचले.
ते फक्त जंतूंबद्दल आहेत.
गाठीचं स्कॅन दुसऱ्या मजल्यावर होतं,
तिथले शब्द वेगळे.

जाताना तिनं वॉर्डबॉयच्या हाती एक डबी पाठवली,
झाकणाला चिकटपट्टी, आत बखूर.
आमच्याकडं धूर करायला मनाई आहे.
डबी दस्तान्यांच्या खणात आहे.
मारिसेल म्हणते, हल्ली दस्तान्यांना वास येतो.
मी म्हणते, कसला?